वडाकडची पाणंद

“सुधारली नाही हो आजी, बिघडलीय तब्येत,” डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या सासूनं भर दवाखान्यात पदर खोचला.

“कुणाची बिघडलीया?”

“तुमच्या मुलाची.”

“ह्याची?” तिनं माझ्या नवऱ्याला दंडाला धरून पुढं सरकवलं, बाजारात बैल दाखवावा तसं. “नीट बगा तरी. शाळंत पोरं ह्याला काडीपैलवान म्हणायची. वारं सुटलं की मला ह्याची काळजी लागायची. आता कुठं जरा अंग धरलंय, चार माणसं बरं म्हणत्यात, तर तुमी नजर लावाय बसलाय व्हय?”

नवरा बिचारा दोघांच्या मधे कानकोंडा होऊन उभा. शर्टाची खालची दोन बटणं त्यानं लावलीच नव्हती, कारण ती आता लागतच नव्हती. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून जमिनीकडं बघत होते. हसू येत होतं, आणि भीतीही वाटत होती.

सासूला मी आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडं तशीच रीत. त्यांचं नाव हौसाबाई. सहा वार नेसायच्या, कपाळ मोकळं, आवाज मात्र असा की पेठेच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाचं पोर घरी पळायचं.

डॉक्टरही वस्ताद होते. ते चिडले नाहीत. ह्यांना म्हणाले, “काम काय करता जयवंतराव?”

“कारखान्यात वजनकाट्यावर असतो. उसाच्या गाड्यांची वजनं घेतो.”

“दिवसभर?”

“सीझनला दिवसभर.”

“मग स्वतः कधी चढलात काट्यावर?”

ह्यांनी शर्ट खाली ओढला. डॉक्टरांनी मग सगळं स्पष्ट सांगितलं. रक्तात साखर निघालीय, भरपूर निघालीय, वय चाळिशीचं आहे म्हणून अजून हातात आहे. गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. गोड बंद, आणि रोज सकाळी तासभर चालायचं. वजन उतरलंच पाहिजे. “नाहीतर हा आजार पायावर उतरतो,” ते म्हणाले.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि आत्याबाई उठल्याच. “चल रं जया. ह्यो डॉक्टर काय बरा न्हाई.”

रिक्षात त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, राग धरलाय. त्यांचा राग मला चांगला ठाऊक होता, म्हणून मीही तोंडाला कुलूप घातलं.

आमच्याकडं कुणाला कुणी जाड झालास असं म्हणत नाही. तब्येत सुधारली म्हणतात. आणि कॉलनीत आल्यापासून आम्हा सगळ्यांच्याच तब्येती सुधारल्या होत्या.

त्याआधी आम्ही कराडात, सोमवार पेठेत राहायचो. दोन खोल्या, पाण्याचा नळ खाली, संडास मागच्या बोळात. भाजी आणायची तर मंडईपर्यंत चालत, दळण चालत, पोरांना शाळेत सोडायचं चालत, संध्याकाळी घाटावर जायचं तेही चालतच. गल्लीत गाडी शिरायचीच नाही, तर काय करता? चालतोय असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. हे तर काट्यावरून सुटून आले की घाटावर मित्रांबरोबर फेऱ्या मारत बसायचे, अंधार पडला तरी घरी यायचं नाव नाही. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

मग कारखान्यानं हायवेच्या पलीकडं कामगारांसाठी प्लॉट पाडले. आम्ही घर बांधलं. टाइल्सचं स्वयंपाकघर, पुढं जास्वंद, मागं न्हाणीघर, सगळं हाताशी. मला इतका आनंद झाला होता की वास्तुशांतीला मी नाचायचीच बाकी होते. पण कॉलनीतून कुठं चालत जायची सोयच नव्हती. पुढं हायवे, त्यावर दिवसरात्र ट्रक. कडेला पायवाट म्हणून नाही. भाजीवाला यायचा नाही, पण कोपऱ्यावर बेकरी झाली, तिच्याशेजारी भेळ, तिच्याशेजारी ढाबा. दूध आणायचं तर मोटरसायकल, पोराला पेन्सिल आणायची तर मोटरसायकल. आणि घराघरांत कारखान्याची साखर! आम्हाला ती सवलतीत मिळायची, पोत्यानं. घरात पोतं असलं की हात आखडत नाही. पाहुण्याला चहा म्हणजे पाक, सणाला शिरा, सण नसला तरी शिरा. हळदीकुंकवाला बायका जमल्या की एकमेकींच्या दंडाला हात लावून म्हणायच्या, “मानवलं हो तुम्हाला इकडचं हवापाणी!” आणि आम्ही खूश व्हायचो.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी हे चालायला निघाले. नवे बूट, टोपी, हातात काठी. मी दारातून बघत होते. हायवेला लागले आणि जरा वेळातच परत आले ते कोपर धरून. एका मोटरसायकलवाल्यानं मागून घासत नेलं होतं. रक्त फार नव्हतं, पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“झालं चालणं,” हे म्हणाले. बूट काढून कपाटावर ठेवले. “साखर आहे तर आहे. ट्रकखाली मरण्यापेक्षा बरी.”

“असं अभद्र बोलू नका हो,” मी म्हणाले.

“मग कुठं चालू? गच्चीवर?”

मी त्यांच्या कोपराला हळद लावली. आत्याबाई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी थापत होत्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

चालायला तशी एकच जागा होती, आणि तिचं नाव काढायची सोय नव्हती. कॉलनीच्या मागच्या अंगाला जुनी पाणंद होती. पूर्वी बैलगाड्या जायच्या तिच्यातून, ओढ्यापर्यंत आणि पुढं शेताशिवारात. प्लॉट पडले, गाड्या बंद झाल्या आणि दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी आत आल्या. आम्ही कॉलनीवाल्यांनी तिथं कचरा टाकून उरलंसुरलं केलं. सकाळी आसपासचे लोक डबा घेऊन तिकडं जायचे. वास यायचा, डास यायचे, एकदा सापही निघाला. पाणंदीच्या त्या टोकाला मोठा वड होता. आमच्या गच्चीवरून त्याचा शेंडा दिसायचा, पण तिथं जाऊन आलेलं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉलनीची मीटिंग झाली. शिंगटेसाहेब चेअरमन. कारखान्यात केमिस्ट होते, माणूस शिस्तीचा, पण अडेल. हे सेक्रेटरी. मीटिंगहून आले ते खुशीत.

“पाणंदीचा प्रश्न मिटला एकदाचा,” जेवायला बसताना म्हणाले. “तोंडाला भिंत घालायची. विटा उद्या पडतायत, पौर्णिमेनंतर गवंडी येतोय. वास बंद, साप बंद.”

“कुणी ठरवलं?” आत्याबाईंनी विचारलं.

“सगळ्यांनी. ठराव मीच मांडला.”

आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला आणि हात धुतला. “बरं,” म्हणाल्या. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाची भांडी घासत होते. आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

“मंदा, औंदा वटपुनवंला फांदी आणायची न्हाई.”

“मग?”

“वडाला जायाचं. खऱ्या वडाला.”

मी बघतच राहिले. कॉलनीत आल्यापासून आम्ही सगळ्याजणी बाजारातून वडाची फांदी आणून कुंडीत खोचायचो आणि तिलाच फेरे मारायचो. आत्याबाई विधवा. त्यांना वटपौर्णिमेशी देणंघेणं नाही. मागची दोन वर्षं मी फांदी पुजत होते तेव्हा त्या आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसायच्या.

“कुठल्या वडाला?” मी विचारलं, जसं काही मला कळलंच नाही.

“ह्या मागच्या. आन् कुठल्या?”

“आत्याबाई, तिथं पाऊल टाकता येत नाही.”

“म्हणून तर कोयता लागंल. ऊठ.”

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. पण त्यांच्यापुढं नाही म्हणायची माझी छाती नव्हती. भांडी तशीच टाकून मी मागून निघाले.

सगळ्यात आधी आम्ही गेलो शिंगटेसाहेबांच्याच घरी. मी पायरीवरच कुजबुजले, “आधी दुसरीकडं जाऊया का?” तर म्हणाल्या, “ढेकूळ मोठं असंल तर कुदळ तिथंच घालावी.” आणि बेल दाबली.

शिंगट्यांची सुलभावहिनी भली बाई. दार उघडून हसली, बसवलं, चहा टाकते म्हणाली.

“च्या नगं. साखर लई घालता तुमी समद्याजणी,” आत्याबाई म्हणाल्या. “वटपुनवंचं काय केलं?”

“झाली की तयारी. फांदी कालच आणून ठेवलीय.”

“कुठाय?”

वहिनीनं फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वडाची फांदी. वर श्रीखंडाचा डबा.

आत्याबाईंनी फ्रिजकडं बघितलं. वहिनीकडं बघितलं. मग खुर्चीवर बसल्या आणि कपाळाला हात लावला.

“अगं, नवऱ्याच्या आयुष्याची दोरी फ्रिजात ठेवलीस?”

“नाहीतर वाळते हो ती…”

“झाडापासनं तोडल्याली फांदी वाळणारच की बाये! तोडल्याल्या फांदीपुढं नवऱ्याला आयुष्य मागायचं? तुला तरी पटतंय का?”

सुलभावहिनीचा चेहरा पडला. मला तिची दयाच आली. पण आत्याबाईंनी घाव बरोबर ठिकाणी घातला होता. वहिनीनं फ्रिजचं दार लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “किती वाजता निघायचं?”

पुढची घरं सोपी गेली. चेअरमनचीच बायको येतेय म्हटल्यावर कोण मागं राहतंय? आणि जी कुरकुर करेल तिला आत्याबाई फ्रिजातली फांदी सांगायच्या. दुपारपर्यंत सगळ्या कॉलनीत तोच विषय होता.

संध्याकाळी आम्ही पाणंदीच्या तोंडाशी जमलो. कोयते, विळे, खराटे, फावडी, जिच्या घरात जे होतं ते. अंगात नवऱ्यांचे जुने शर्ट, तोंडाला पदर. पहिल्यांदा कचरा ओढला. काय निघालं नाही त्यातून! श्रीखंडाचे डबे, फुटक्या बादल्या, एक मोडका पंखा. वासानं दोघीतिघी बाजूला जाऊन ओकल्या आणि परत आल्या. आमचा दम म्हणाल तर एक बाभूळ तोडली की सगळ्या कमरेवर हात ठेवून उभ्या. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की फुगले होते ते फक्त नवरे नव्हते.

“काय गं पोरींनो,” आत्याबाई दगडावर बसून हसायच्या, “मंडईतनं भरली पिशवी घिऊन जिना चढायची की गं मंदा तू. कुठं गेली ती?”

“तीच की मी आत्याबाई.”

“व्हय? मला वाटलं तिला गिळलंस.”

सगळ्या खदाखदा हसल्या. मीही हसले. राग आला होता, पण त्या रागानं माझा कोयता जोरात चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी शिंगटेसाहेब आले. पाठोपाठ आमचे हे. दोघंही मोटरसायकलवरून, कॉलनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हे काय चालवलंय?” साहेब म्हणाले. “इथं भिंत येणार आहे. विटा दिसत नाहीत का?”

“दिसत्यात की,” आत्याबाई म्हणाल्या. “वडाच्या पुजंला वाट करतोय.”

“अहो पण दोन दिवसांसाठी?”

“तुमाला वरचा दोन दिवस तरी जादा देतोय का? मागून बगा की.”

साहेबांना त्याचा अर्थ लागेना. ह्यांनी आईला बाजूला घेतलं. “आई, मी सेक्रेटरी आहे. ठराव मी मांडलाय. लोकांत माझी लाज काढतेस.”

“मग अडव,” आत्याबाई म्हणाल्या. “ह्या समद्या तुमच्याच आयुष्यासाठी उन्हात मराय लागल्यात. जा, एकेकीचा कोयता काढून घे.”

ह्यांनी आमच्याकडं बघितलं. माझ्याकडं जास्त बघितलं. मी बाभळीवर कोयता घातला. दोघंही निघून गेले. जाताना साहेब मोठ्यानं म्हणाले, पूजा झाली की त्याच दिवशी काम सुरू होणार.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही निघालो. काय सांगू तुम्हाला तो थाट! पैठण्या, इरकली, नाकात नथी, हातात पूजेची ताटं, ताटात आंबे आणि सूत. एकीमागं एक, पाणंदीतून. दोन्ही बाजूंना तोडलेल्या बाभळींचे ढीग, खाली साफ केलेली माती. आणि पाणंद वळली तिथं वड दिसला. पारंब्या जमिनीला टेकलेल्या, खाली गार सावली, पलीकडं ओढ्याचं पाणी वाजतंय. एवढं सगळं आमच्या घरामागं होतं आणि आम्ही त्याच्यावर कचरा फेकत होतो! सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या.

पूजा झाली. सूत गुंडाळत फेरे मारले. आत्याबाई लांब, ओढ्याच्या कडेला दगडावर बसून होत्या. आल्या आमच्याबरोबर, पण वडाच्या सावलीत आल्या नाहीत. एका बाईनं माझ्या कानात म्हटलंही, “हौसाबाईंचं काय अडलं होतं गं? त्यांना थोडीच पूजा करायचीय.” मलाही तेच वाटत होतं.

परतलो तर पाणंदीच्या तोंडाला गवंडी उभा. चुन्याची रेघ मारलेली, दोरी ताणलेली, शिंगटेसाहेब, आमचे हे आणि आणखी पाच-सात पुरुष. आम्ही आत, ते बाहेर.

“या, या, बाहेर या सगळ्या,” साहेब म्हणाले. “झाली ना पूजा? मग आता काम करू द्या.”

आत्याबाई पुढं झाल्या. ताणलेल्या दोरीपाशी थांबल्या. मोठ्यानं बोलल्या नाहीत. मी त्यांना इतक्या हळू बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

“साहेब, तुमच्या बायकूनं आत्ता वडाला सूत गुंडाळलंय. कुणासाठी?”

“माझ्यासाठी. म्हणजे… प्रथा आहे.”

“ते सूत तिकडं हाय. तुमी हिकडं हाय. मधी भिंत घालायची म्हणताय. घाला. माझं काय जातंय? माझा मालक कवाच गेला.” मग वळून म्हणाल्या, “सुलभा, चालंल का गं तुला?”

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. सुलभावहिनी पैठणीत घामाघूम, नथ वाकडी झालेली. बाई आयुष्यात नवऱ्यापुढं शब्द बोलली नव्हती. तिनं पूजेचं ताट खाली ठेवलं, विटांच्या ढिगावर, आणि म्हणाली, “अहो, नको. भिंत नको.”

“सुलभा, घरी चल.”

“तुमच्या आणि माझ्या सुताच्या मधे भिंत नको म्हणजे नको. काही झालं तुम्हाला, तर मी काय करायचं?” आणि तिला रडूच फुटलं.

मग एकेकीनं आपलं ताट विटांवर ठेवलं. मीही ठेवलं. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यात बघून ठेवलं. विटा दिसेनाशा झाल्या. गवंड्यानं टोपी काढली, विटांना हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, ह्याला मी हात लावणार न्हाई. मलाबी बायको हाय.”

पुरुषांत आधी कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. शिंगटेसाहेब शेवटी हसले, पण हसले. चुन्याची रेघ त्यांनी स्वतःच्या बुटानं पुसली.

आता त्या पाणंदीवर नगरपालिकेनं दिवे लावलेत, बाकडी टाकलीत. आमचे हे निवृत्त झाले, नातू झाले, अजून रोज सकाळी जातात. वजन उतरलं ते परत चढलं नाही. डॉक्टर गोळ्या कमी करत आले. कॉलनीत नवी माणसं आलीत, ती म्हणतात, तुमच्या कॉलनीतली म्हातारी माणसं काटक आहेत हो. मी म्हणते, आहेतच. पण मला सांगायचं आहे ते वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं.

सकाळी उजाडायच्या वेळी आत्याबाईंनी कपाटावरचे बूट काढले, पुसले आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवले. ह्यांनी खाली मान घालून ते चढवले आणि निघाले. आदल्या दिवशीची शरम अजून उतरलेली नव्हती. आम्ही दोघी पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिलो. ह्यांची पाठ लांब जात होती. शर्ट पाठीला घट्ट बसलेला, चाल जड. वळणावर दिसेनासे झाले.

तेव्हा मी विचारलं, “आत्याबाई, तुम्ही तर डॉक्टरवर चिडला होता.”

“चिडलेच. माझ्या तोंडावर माझ्या लेकराला कुणी काय बोलायचं न्हाई.” जरा थांबल्या. “पण कान हुते की उघडं. ‘पायावर उतरतो’ म्हणला डॉक्टर. तुझ्या सासऱ्याचं तसंच झालं. तवा आमाला नाव म्हाईत नव्हतं दुखण्याचं. लोक म्हणायचं, तब्येत सुधारली मालकाची. मीबी हरखून जायची. मग आंगठा काळा पडला. मग पाय कापला. मग गेलं. ह्यो जया तवा चवथीत हुता.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासरे गेले ते पाय सडून, एवढंच कानावर होतं.

“मी दरसाल वडाला सूत गुंडाळत हुते, मंदा. उपास धरून, अनवाणी. एक वरीस चुकवलं न्हाई.” त्या पाणंदीकडंच बघत होत्या. “सुतानं माणूस ऱ्हात न्हाई.”

“मग आम्हाला कशाला नेलंत वडाला?” माझा आवाज चढला. “सगळ्या कॉलनीला सूत गुंडाळायला लावलंत!”

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्यावर हसू होतं, चोरी पचल्यावर येतं तसं.

“जयाला चालाय वाट पायजेल, म्हणून हाळी दिली असती, तर तुमच्यातली एक तरी आली असती का गं कोयता घिऊन?”

मी त्यांचा हात धरला आणि तसाच धरून उभी राहिले. या बाईच्या घरी मी सून म्हणून आले याचा मला तेव्हा अभिमान वाटला. अजूनही कुणाला सांगताना वाटतो.

तेवढ्यात वळणावर हे दिसले. टोपी हातात, कपाळावरून घाम निथळतोय, धाप लागलेली. आम्हाला दोघींना बघून चाळिशीचा माणूस लहान पोरासारखा हसला. लांबूनच ओरडला, “आई, वडापर्यंत जाऊन आलो!”

आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि पेठेच्या त्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या,

“वडापतुर बायका बी पैठणी नेसून जात्यात. माघारी वळ, वढ्यापतुर जाऊन ये!”